गव्हाभर पुढं

दुपारी अडीचला धाकटी झोपली. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला, मांडीवर बालभारतीचं पुस्तक, समोर थोरली आणि तिच्या पाठीवर घोडा-घोडा करणारा मधला. आमची शाळा भरली.

जूनमध्ये गल्लीतल्या पोरांच्या रिक्षा सुरू झाल्या, आमच्या दारात एकही थांबली नाही. का, ते आता विचारू नका. दूधवाल्यापासून नणंदेपर्यंत प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊन झालंय आणि त्यातलं खरं कुठलं, हे माझं मलाच आठवत नाही. सासूबाई मात्र एकदाच बोलल्या. "महाराज असते तर महिन्याला रुपया दंड लावला असता तुला." माझं तोंडच बंद झालं. शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोरं शाळेला न धाडणाऱ्यांना खरंच महिना 1 रुपया दंड ठेवला, आणि त्यांच्याच कोल्हापुरात मी पोरगी घरात घेऊन बसलेय. त्या संध्याकाळी गुपचूप देव्हाऱ्यात एक रुपया ठेवला. जुलैचा राहिलाय.

अभ्यासाचं म्हणाल तर माझं सगळ्यात जास्त अडतं ते 'मी जाते'पाशी. पुस्तकातली मुलगी 'मी जाते' म्हणते. थोरली ठसक्यात वाचते, "मी जातो." चूक काढावी, तर सकाळीच मी आईला फोनवर "ठेवतो गं, पोरगी उठली" म्हणालेली असते. नोकरीची चार वर्षं मी पुण्यात निगुतीनं 'जाते-येते' करत काढली. गाडी पंचगंगेच्या पुलावर आली की जीभ आपोआप सैल व्हायची. पोरीला काय शिकवू? सध्या लिहिताना 'जाते', बोलताना 'जातो', असा तह झालाय.

आज मापन होतं. पट्टी, सेंटिमीटर, मिलिमीटर. थोरलीनं टेबल मोजलं, मधल्याचं नाक मोजलं, मग कंटाळली. म्हणून मी तिला रंकाळा तलावाकाठच्या नंदीची गोष्ट सांगितली.

मला ती आज्जांनी सांगितलेली. सायकलच्या नळीवर बसवून न्यायचे. नंदी रोज गव्हाभर पुढं सरकतो अन् तांदळाभर मागं येतो, ज्या दिवशी रंकाळ्याला टेकेल त्या दिवशी जग बुडणार. मी एकदा नंदीच्या पुढ्यात पाटीवरच्या पेन्सिलीनं रेघ मारून आले होते, उद्या येऊन बघायचं म्हणून. (उरलेली पेन्सिल खाल्ली. तुम्हीही खाल्लेली असणार.) रात्रभर पाऊस कोसळला. दुसऱ्या दिवशी नंदी होता, रेघ नव्हती. आज्जा म्हणाले, "पुसली असंल त्यानंच."

थोरलीला जग बुडण्याचं काहीच वाटलं नाही. ती उठली, डब्यातून गहू आणि तांदूळ घेऊन आली आणि पट्टीवर एकेक दाणा ठेवला. तांदूळ आजऱ्याचा घनसाळ, बुटका. गहू त्याच्यापेक्षा मिलिमीटरभर लांब भरला. रोज एक मिलिमीटर म्हणजे वर्षाला साडेछत्तीस सेंटिमीटर, शंभर वर्षांत साडेछत्तीस मीटर. हे गणित मी केलं, पण तिनं माझ्याकडं पाहिलं ते पोलिसानं पाहावं तसं.

"मग आजपर्यंत पाण्यात कसा पडला नाही?"

मी म्हणाले, तांदूळ कुठला धरायचा, त्याच्यावर आहे. झालं. बिर्याणीचा बासमती बाहेर आला. तो गव्हापेक्षा लांब निघाला आणि नंदी रंकाळा सोडून उलटा गावाकडं यायला लागला. मग ती म्हणाली खपली गहू आण. तो शेजारच्या काकूंकडं होता. काकूंनी वाटीभर दिला आणि वर विचारलं, "खीर करतेयस?" मी हो म्हणाले. खरं सांगत बसले असते तर परत शाळेवरच गाडी आली असती.

घरी येऊन बघते तर धाकटी उठून रडतेय, थोरली एका हातानं पाळणा हलवतेय, दुसरा हात पट्टीवर, आणि मधला काहीतरी चावतोय.

"मम्मी, यानं तांदूळ खाल्ला. सगळा."

पट्टीवर एकटा गहू उरला होता. थोरलीनं वहीत आजची तारीख घातली आणि खाली लिहिलं, नंदी पुढे गेला, मागे आला नाही.

'पुढे'चा पहिला उकार तिनं दीर्घ काढला होता. म्हटलं, उद्या बघू. खिरीला खपली भिजत घातलीय.