मोहरीची उशी नको, पाळण्यातली दिशा बदला

बाळंतविड्यात दुपटी, झबली, कुंची यांच्या जोडीला बऱ्याच घरी मोहरीची उशी असते. ती वापरली की डोकं गोल होतं, असं ठामपणे सांगितलं जातं. मधोमध खळगा असलेल्या फोमच्या उशा ऑनलाइन मिळतात, त्या याच जातीच्या. डोकं गोल करण्याची खात्री यातली एकही देऊ शकत नाही. शिवाय झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली उशी ठेवणंच धोक्याचं आहे. हनुवटी छातीकडे झुकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. बाळ सरकलं तर नाक उशीत दाबलं जातं. मोहरीच्या उशीची शिवण उसवली तर दाणे नाकातोंडात जातात ते वेगळंच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं नोव्हेंबर २०२२ मध्ये डोक्याला आकार देणाऱ्या उशा वापरू नका, असा इशाराच दिला होता.

मुळात डोकं चपटं का होतं? जन्मतः कवटीची हाडं एकमेकांना सांधलेली नसतात. डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंमी असतो, तो तीन महिन्यांत ४० च्या आसपास जातो. इतकी झपाट्यानं वाढ पुन्हा कधी होत नाही, आणि नेमक्या याच काळात बाळानं मान धरलेली नसते. ज्या जागेवर तासन्‌तास भार पडतो तिथलं वाढायचं राहतं आणि बाकीच्या बाजू पुढे निघून जातात. मालिशवाल्या मावशी तेल लावून दोन्ही तळव्यांनी डोकं ‘गोल करतात’, त्याचा म्हणूनच उपयोग नाही. पाच मिनिटं दाबलेलं डोकं पुढचे पंधरा तास त्याच एका बाजूवर टेकून राहतं. टाळूवर जोर तर देऊच नये. प्रसूतीच्या वेळी लांबट झालेलं डोकं काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपलं आपण आकाराला येतं.

झोपताना बाळ उताणंच हवं, यात तडजोड नाही. पालथं न झोपवण्याचा सल्ला अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९२ मध्ये दिला आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण तिथे निम्म्याहून खाली आलं. त्याबरोबर चपटी डोकी वाढली, हेही खरं. कॅनडातल्या कॅलगरी शहरात ७ ते १२ आठवड्यांची ४४० बाळं तपासली, तेव्हा ४६.६ टक्क्यांच्या डोक्यात थोडाफार चपटेपणा सापडला. बहुतेकांचा सौम्य होता, आणि जास्त करून उजव्या बाजूला. तो टाळायचा म्हणून दोन्ही बाजूंना लोड लावून बाळाला कुशीवर निजवू नका. कुशीवरचं बाळ सहज पालथं होतं आणि लोडांमध्ये तोंड अडकतं. साडीच्या झोळीतही तीच अडचण: पाठ गोल, हनुवटी छातीशी, आणि डोकं हलवायला जागा नाही.

मग करायचं काय? बाळ कुठे पाहतं ते बघा. पाळणा भिंतीला लागून असेल तर बाळ भिंतीकडे तोंड करून राहत नाही; खिडकीकडे, आईच्या पलंगाकडे, माणसांच्या आवाजाकडे वळतं. म्हणून एक दिवस डोकं पाळण्याच्या या टोकाला, दुसऱ्या दिवशी त्या टोकाला ठेवा. बाळ उताणंच राहतं, पण खिडकी उजवीकडची डावीकडे येते आणि मान आपोआप दुसरीकडे वळते. चिमणाळंही नेहमी एकाच बाजूला टांगू नका. गाढ झोप लागल्यावर मान हळूच दुसऱ्या कुशीला वळवता येते. बाळानं परत फिरवली तर झटापट करू नका. अंगावर पिणाऱ्या बाळाची बाजू दर वेळी बदलतेच. बाटलीनं पाजणारे मात्र हमखास एकाच हातावर धरतात, तेव्हा एक आड एक हात बदला. कार सीट, बाउन्सर यांत बाळाला विनाकारण झोपवून ठेवू नका.

दुसरा उपाय म्हणजे जागेपणी पालथं घालणं. घरी आल्यापासून सुरुवात करा: आईनं मागे रेलून बसायचं आणि छातीवर बाळाला पालथं ठेवायचं, दिवसातून दोन-तीनदा, दोन-तीन मिनिटं. पुढे जमिनीवर सतरंजी अंथरून. मऊ गादीवर नको. पाजल्यावर अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर दूध बाहेर येतं. बाळ रडत असेल तर टॉवेलची बारीक गुंडाळी छातीखाली, काखेच्या रेषेत द्या, हात गुंडाळीच्या पुढे काढा आणि तुमचा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर आणा. सात आठवड्यांपर्यंत दिवसभरात मिळून १५ ते ३० मिनिटं व्हावीत. डोळा लागला की लगेच उताणं. आपल्याकडे मावशी पाय पसरून बाळाला पालथं घेतात आणि पाठ चोळतात, तो वेळही यात धरा. परंपरेतलं मला सगळ्यात पटणारं काही असेल तर हेच.

दोन्हीकडून हाका मारल्या, खुळखुळा वाजवला तरी बाळ कायम एकाच बाजूला पाहत असेल, मान एका खांद्याकडे कललेली असेल, किंवा मानेच्या बाजूला छोटी गाठ लागत असेल, तर मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो. तिथे पाळण्यातली दिशा बदलून भागत नाही. फिजिओथेरपिस्ट मान ताणायचे व्यायाम शिकवतात आणि ते जितके लवकर सुरू होतील तितकं बरं. व्हिडिओ पाहून स्वतः मान ताणू नका.

तपासायला सोपी वेळ आंघोळीनंतरची, केस ओले असताना. बाळाला मांडीत घेऊन वरून पाहा आणि दोन्ही कानांवर एकेक बोट ठेवा. झोपण्यामुळे आलेल्या चपटेपणात त्या बाजूचा कान आणि कपाळ पुढे सरकलेलं दिसतं. दर पंधरवड्याला वरून एक फोटो काढा, आणि ६, १०, १४ आठवड्यांच्या लसींना जाल तेव्हा डॉक्टरांना दाखवा. कान उलट मागे किंवा खाली सरकला असेल, डोक्यावर हाडाची कडक रेघ हाताला लागत असेल, किंवा जन्मापासूनच आकार विचित्र असून वाढत चालला असेल, तर थांबू नका: कवटीचा सांधा वेळेआधी जुळल्याची ती खूण असू शकते, आणि त्यावर शस्त्रक्रिया लागू शकते. मागचे केस घासून पडलेलं टक्कल मात्र निरुपद्रवी असतं. भार कुठे पडतो एवढंच ते सांगतं.

डोक्याचा आकार सुधारावा म्हणून बाळाला घालतात त्या हेल्मेटबद्दल हल्ली फार विचारतात. नेदरलँड्समध्ये मध्यम ते तीव्र चपटेपणाची पाच-सहा महिन्यांची ८४ बाळं घेऊन चाचणी झाली. निम्म्यांना सहा महिने हेल्मेट, बाकीच्यांना काहीच नाही. २०१४ मध्ये निकाल आला: दोन वर्षांच्या वयात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. फारच तीव्र प्रकारात तज्ज्ञ अजूनही ते सुचवतात. सौम्य चपटेपणासाठी कोणी मोठी रक्कम सांगत असेल, तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.