जहाजात बसून करायचं काय?

कधी आलाच नाही त्या अंतराळजहाजाच्या कॉम्प्युटर गेमनं तुम्हाला फसवलं असं वाटतं का, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, आणि या विषयावर शेवटचं लिहितोय. माझ्या मॉनिटरच्या कडेला एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर 'सेट पीसी, पॉप' एवढंच लिहिलंय, म्हणजे त्या गेममधल्या कॉम्प्युटरच्या भाषेत 'जिथून आलास तिथे परत जा'. ऑफिसात नवीन आलेला प्रत्येक जण ती बघतो, हे काय म्हणून विचारतो, मी सांगतो आणि मग ठरलेला प्रश्न येतो : "पण सर, तो गेम तर आलाच नाही ना?" मेव्हण्याचा प्रश्न थोडा वेगळा असतो. "दिवसभर कोडिंग, रात्री परत कोडिंग. मग त्याला गेम कशाला म्हणायचं?" बायको विचारत नाही. तिनं एकदाच विचारलं होतं, आणि माझं उत्तर दीड तास चाललं होतं.

हो, आला नाही. माइनक्राफ्टवाल्या नॉचनं, म्हणजे मार्कुस पर्सननं, एप्रिल २०१२ मध्ये तो जाहीर केला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये बासनात गुंडाळला. नाव होतं झीरो एक्स टेन आणि डोक्यावर छोटा सी, म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांच्या हेक्समध्ये, सोळाच्या पायाच्या आकड्यांत, सोळाचा बारावा घात. त्याचा उच्चार काय करायचा यावरही आमचं एकमत नव्हतं. कथा अशी की १९८८ साली अंतराळवीरांसाठी दीर्घ झोपेच्या पेट्या निघतात. पेटी एका टोकाकडून आकडा वाचते, कॉम्प्युटर दुसऱ्या टोकाकडून, आणि वर्षभरासाठी झोपलेली माणसं तेवढ्याच, म्हणजे २८१ लाख कोटी वर्षांनी उठतात. तोवर तारे विझत आलेले. ज्यानं उलट्या बाइट्सपायी एक तरी रात्र घालवलीय त्याला यातला विनोद वेगळा सांगावा लागत नाही. बाकीच्यांना सांगून काही उपयोग होत नाही, हे मी दहा-बारा वर्षं अनुभवतोय.

गेममध्ये आपल्याला जे जहाज मिळणार, त्यात एक कॉम्प्युटर असणार होता. शोभेचा नव्हे, खरा. डीसीपीयू-१६ : सोळा बिटांचा, ६५,५३६ शब्दांची मेमरी, आठ रजिस्टरं, म्हणजे आकडे ठेवायचे ए, एक्स वगैरे कप्पे. इंजिन, दारं, दिवे सगळं त्यावरून चालवायचं आणि त्याचा प्रोग्रॅम आपण असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या अगदी मुळाजवळच्या भाषेत लिहायचा. गेमचा अजून पत्ता नव्हता, पण या प्रोसेसरचं स्पेसिफिकेशन, म्हणजे तो कसा चालतो याचे लेखी नियम, मात्र बाहेर आले. मग लोकांचं जे काही झालं, ते मी त्याआधी किंवा नंतर कुठल्याच गेमच्या बाबतीत पाहिलेलं नाही. पहिल्या काही दिवसांतच जावास्क्रिप्टमध्ये, पायथनमध्ये, सीमध्ये एम्युलेटर निघाले, म्हणजे आपल्या कॉम्प्युटरवर त्याची नक्कल चालवणारे प्रोग्रॅम, असेंब्लीचे आकडे करून देणारे असेंब्लर निघाले, पुढे कुणी सीचा कंपायलरही तयार केला. जो गेम कुणी पाहिलेलाच नाही त्याच्या जहाजासाठी ऑपरेटिंग सिस्टम लिहिणारी माणसं होती. दुसरीकडे वैतागलेलेही तेवढेच. हा गेम आहे की गृहपाठ? ज्याला कोड येत नाही त्यानं काय नुसतं खिडकीतून बघत बसायचं? दुसऱ्यानं व्हायरस सोडून माझं जहाज बंद पाडलं तर? आणि महिन्याची वर्गणी! आपण लॉग-आउट असलो तरी सर्व्हरवर सगळ्यांचे कॉम्प्युटर चालूच राहणार, म्हणून मल्टिप्लेअरला दरमहा पैसे पडतील असं नॉचनं सुरुवातीलाच सांगितलं होतं. त्यावर झालेली भांडणं मी मोठ्या चवीनं वाचायचो. मी अर्थातच पहिल्या गटातला होतो. दुसरा गट मला बावळट वाटायचा. हे कबूल करून ठेवतो, कारण पुढे लागणार आहे.

तेव्हा मी टीईला, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. पुण्यात कर्वेनगरला कॉट बेसिसवर तिघं राहायचो. लॅबमध्ये आम्हाला ८०८५ या जुन्या प्रोसेसरचं किट होतं, हेक्स कीपॅड आणि लाल आकड्यांची पट्टी. ३ई म्हणजे एमव्हीआय ए, ७६ म्हणजे हॉल्ट, हे पाढ्यांसारखं पाठ. वायव्हापुरतं. ते कशासाठी शिकायचं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आणि इथे एक स्वीडिश माणूस म्हणत होता की या असल्याच गोष्टीनं तू जहाज चालव. मला कुणीतरी नावानं हाक मारल्यासारखं झालं. आज तुम्ही हसता. हसा.

रूमपार्टनरांपैकी एक मेकॅनिकलचा, इस्लामपूरचा. खरा गेमर तो. मी गेमबद्दल वाचायचो, तो खेळायचा. मी त्याला सगळं सांगितलं तेव्हा कॉम्प्युटरचा भाग त्यानं कानाआड केला. पण जहाजातला जनरेटर ठरावीकच वॉट देणार, लपायचं यंत्र सुरू करायचं तर दिवे मंद करावे लागणार, कॉम्प्युटरसुद्धा बंद ठेवावा लागेल, हे ऐकल्यावर तो उठून बसला. "म्हणजे आमच्यात मळ्यात मोटर चालू केली की घरातली ट्यूब फडफडती, तसं." अगदी तसंच. त्या आठवड्यात त्यानं जर्नलमधले चार आलेख कागद फाडून जहाजाचा नकाशा काढला. कुठल्या खोलीला किती वॉट, काय बंद केलं की काय चालेल, सगळं पेन्सिलीनं. वर नाव लिहिलं : कृष्णामाई. ठरलं असं की तो चालवणार आणि मी कॉम्प्युटर सांभाळणार.

मी एक प्रोग्रॅम लिहिला. दहापासून शून्यापर्यंत उलटी मोजणी आणि शेवटी स्क्रीनवर 'इंजिन चालू', रोमन अक्षरांत. असेंब्लर न वापरता, हट्टानं, वहीत एकेक सूचना हेक्समध्ये उतरवून, लॅबमध्ये करायचो तसं. तीन रात्री गेल्या. गुरुवार होता. पुण्यात गुरुवारी लाइट जाते हे ज्यांनी तिथे दिवस काढलेत त्यांना माहीत आहे. संध्याकाळचे साडेसहा झाले तरी आली नव्हती. शेजारच्या खोलीतले चौघं गरम होतंय म्हणून आमच्या गॅलरीत येऊन बसले होते. लॅपटॉपची बॅटरी पंचवीस टक्के. मी म्हटलं, या, दाखवतो.

सकाळीच मी नवा एम्युलेटर उतरवून घेतला होता. नवं ते चांगलं, एवढीच अक्कल. स्पेसिफिकेशन मधल्या काही आठवड्यांत बदललं होतं. आधी सूचनेचा प्रकार चार बिटांत सांगायचा, आता पाच. म्हणजे माझ्या वहीतला प्रत्येक आकडा आता दुसरंच काहीतरी बोलत होता. गंमत अशी की पहिली सूचना, ७सी०१, दोन्हींत सारखीच होती : ए मध्ये आकडा भर. ती नीट चालली. पण ७सी३१, जी काल 'एक्स मध्ये भर' होती, ती आज 'जर' झाली होती. भरायचं सोडून कॉम्प्युटर अटी तपासत बसला. त्यात स्क्रीनचाही नियम बदललेला. पूर्वी ठरलेल्या जागी अक्षरं टाकली की दिसायची. आता आधी स्क्रीनला गाठून तिला मेमरीतला पत्ता द्यावा लागे, नाहीतर ती तोंड उघडत नसे. तेव्हा यातलं मला काहीच कळलं नाही. सहा जणांना एवढंच दिसलं की काळा चौकोन आहे आणि मी त्याच्याकडे बघतोय.

कुणी हसलं नाही, हे सांगायला हवं. मी सारखं रीसेट दाबत होतो. बॅटरी अठरावर आली. मग इस्लामपूरच्या त्या पार्टनरनं विचारलं, अगदी साधेपणानं, खरंच जाणून घ्यायचं म्हणून, "आरं, पण हे चाललं असं समज. मग जहाजात बसून करायचं काय?"

मी म्हणालो, "तुझ्यासारख्यांसाठी नाहीये हा गेम. अक्कल लागते त्याला."

सगळ्यांसमोर. तो काही बोलला नाही. आलेख कागद त्याच्या मांडीवर होते. त्यानं ते सरळ केले, घडी घातली आणि आत गेला. जरा वेळानं लाइट आली आणि चौघं आपल्या खोलीत गेले. आमचं बोलणं बंद झालं असं काही नाही. डबा वाटून खायचो, परीक्षा दिली. पण जहाजाचं नाव त्यानं परत काढलं नाही आणि मीही काढलं नाही.

पुढे त्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनचे तपशील नीट अभ्यासले. बत्तीस बाय बारा घरं, प्रत्येक घर चार ठिपके रुंद, आठ उंच, आणि अक्षरांचे आकार आपले आपण बदलता येतात. मी देवनागरीला बसलो. एका घराच्या चारही उभ्या रांगांत वरचा एकच ठिपका पेटवायचा, हेक्समध्ये ०१०१, ०१०१, की शिरोरेषा झाली. अशी घरं शेजारी शेजारी ठेवली की रेघ एकसंध, सांधा दिसतच नाही. एका अक्षराला दोन दोन घरं लागली, आणि 'कृ' चा ऋकार खाली मावेना, तो खालच्या ओळीत उतरवला. 'कृष्णामाई' उमटलं तेव्हा रात्रीचे तीन वाजले होते. तो पलीकडच्या कॉटवर घोरत होता. मी लॅपटॉप मिटला. का दाखवलं नाही, ते मला विचारू नका.

आता तुमचा प्रश्न. तेव्हाचा मी म्हणायचा की नॉचनं आम्हाला फसवलं. मला ते आता पटत नाही. २०१३ च्या वसंतातच त्यानं सांगितलं होतं की डोकं अडलंय, काम थांबलंय. ऑगस्टमध्ये विषय संपला, आपल्याला छोटे छोटे गेम करायचेत म्हणाला. आम्ही एक पैसाही दिला नव्हता. फसवणूक कसली त्यात? पण तेव्हाचा मी गप्प बसत नाही. म्हणतो, मग आधी स्पेसिफिकेशन कशाला वाटलंस, बाबा? जेवणाच्या आधी लोणचं वाढलंस आणि आम्ही त्यावरच पोट भरलं. बरोबर आहे तेही. आम्हाला कॉम्प्युटर मिळाला आणि तो पूर्ण होता. गेम येवो न येवो, त्याच्यात काही कमी नव्हतं. आमच्यातल्या कितीजणांना खरोखर जहाज हवं होतं? मला नको होतं, हे आज म्हणू शकतो. हवं होतं ते इस्लामपूरच्या पोराला, आणि 'करायचं काय' हा जो प्रश्न त्यानं विचारला, त्याचं उत्तर गेमकडे नव्हतं, नॉचकडे नव्हतं आणि माझ्याकडे तर नव्हतंच. लगेच माझ्यातला दुसरा उठतो : उत्तर नसलेल्या गोष्टीवर जीव लावायचाच नाही का? मग अर्धी इंजिनिअरिंग बंद करा. त्या काळ्या चौकोनामुळे मी एम्बेडेडमध्ये, म्हणजे यंत्रांच्या आतल्या छोट्या कॉम्प्युटरांच्या कामात आलो, घर चालतंय त्यावर. यात कोण बरोबर, मला ठरवता आलेलं नाही.

आणि 'दुसरे आहेत की गेम' असंही सांगू नका. माहीत आहेत मला. टीआयएस-१०० मी खेळलोय, सुंदर आहे. स्टेशनिअर्समध्ये चिपवर असेंब्लीच लिहावी लागते, तेही केलंय. स्पेस इंजिनिअर्समध्ये प्रोग्रॅमेबल ब्लॉक आहे, त्यात सी शार्प भाषेत प्रोग्रॅम लिहायचा. तो गेम मी घेतला नव्हता. इस्लामपूरच्या पोरानं घेतला. तो आता चाकणला असतो. मागच्या वर्षी त्याचा मेसेज आला : जहाजाला दुहेरी दार बसवलंय, एक उघडलं की दुसरं आपोआप बंद व्हायला हवं, हवा जाते, एवढं लिहून दे. चाळीसेक ओळी लिहिल्या. पहिल्याच फटक्यात चाललं. खरं सांगायचं तर मला काडीचीही मजा आली नाही.

फोन केला तेव्हा धीर करून त्या गुरुवारचा विषय काढला. म्हटलं, मी तुला तेव्हा नको ते बोललो होतो.

"कवा?"

सांगितलं. गॅलरी, बॅटरी, काळा स्क्रीन, सगळं.

"न्हाई रं, आठवत न्हाई. लाइट आल्यावर तू मला खाली नेऊन भुर्जी खाऊ घातलीस, तेवढं आठवतंय."

त्या रात्री मी खोलीतून बाहेरच पडलो नव्हतो.