टर्बो गाडीची पॉवर किती वाढेल? तुम्ही विचारलंत म्हणून

मी रिमॅपिंगचं, म्हणजे इंजिनाच्या संगणकातल्या सेटिंग्ज बदलून ताकद वाढवायचं काम करतो असं कळलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती पॉवर वाढेल?" त्याच्या मागोमाग दुसरा येतो: "इंजिनला काही होणार नाही ना?" दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं, ते म्हणजे सिलिंडरमध्ये किती उष्णता साठतेय आणि तुमचं पेट्रोल ती किती सोसतंय यात.

टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. जास्त हवा, तिच्या जोडीला जास्त पेट्रोल, म्हणून जास्त ताकद. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण हवा दाबली की ती तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड हाताला चटका देतं, तेच इथे घडतं. बाहेरची ३५ अंशांची हवा टर्बोने १.६ पट दाबली तर बाहेर पडताना ती साधारण १०० अंशांवर जाते, दुप्पट दाबली तर १३० च्या आसपास. इंटरकूलर, म्हणजे ही हवा थंड करणारा रेडिएटर, त्यातली बरीच उष्णता काढून घेतो, पण मे महिन्यात सिग्नलला दहा मिनिटं उभ्या असलेल्या गाडीचा इंटरकूलर स्वतःच तापलेला असतो.

मिश्रण फार तापलं की स्पार्क प्लगने पेटवलेली ज्योत पोचायच्या आतच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं. हेच नॉकिंग. ते जोरात आणि वारंवार झालं की पिस्टनमध्ये रिंगा बसतात त्या खाचांच्या कडा तुटतात. नॉक ऐकून बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला जादा दाब, कमी करायची युक्ती स्वीडनच्या साबने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच रस्त्यावरच्या गाड्यांत आणली होती. आजची प्रत्येक टर्बो पेट्रोल गाडी नॉक सेन्सर लावून येते आणि नॉक झाला की ईसीयू, म्हणजे तोच इंजिनाचा संगणक, टायमिंग मागे घेतो, म्हणजे स्पार्क उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, पण ताकद पडते आणि एक्झॉस्ट आणखी तापतो. म्हणून बूस्ट नुसताच चढवलेली गाडी डिसेंबरच्या पहाटे झकास पळते आणि एप्रिलच्या दुपारी ओढतच नाही.

"कंपनीने मुद्दाम पॉवर दाबून ठेवलीय," हे वाक्य मला पटत नाही. कंपनीने राखून ठेवलेली जागा खऱ्या गरजेपोटी असते. तीच गाडी नागपूरच्या उन्हाळ्यात चालायला हवी, पंपावरच्या साध्या, कमी ऑक्टेनच्या (ऑक्टेन म्हणजे नॉकिंग सोसायची पेट्रोलची ताकद) पेट्रोलवर चालायला हवी, सर्व्हिसिंग लांबवणाऱ्या मालकाकडेही टिकायला हवी. शिवाय ती महाबळेश्वरलाही जाते. तिथे बाहेरच्या हवेचाच दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी, त्यामुळे इंजिनात तोच दाब आणायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं. रिमॅप करणारा याच राखीव जागेतून काढून देतो. जर्मनीत पंपावर ९८ ऑक्टेन मिळतं. त्यावर बेतलेली सेटिंग्जची फाइल, म्हणजे मॅप, आपल्याकडे जशीच्या तशी टाकणं हा मला सरळसरळ निष्काळजीपणा वाटतो.

आता आकडा. २०१३ साली आपल्याकडे आलेली पोलो जीटी टीएसआय घ्या, १.२ लिटरचं इंजिन, १०५ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच पॉवरचं माप), १७५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर. हा टॉर्क १,५०० ते ४,१०० आरपीएमपर्यंत (इंजिनाचे मिनिटाला फेरे) सपाट राहतो, मग उतरू लागतो. पीएस काढायचे तर टॉर्कला आरपीएमने गुणायचं आणि साधारण ७,०२४ ने भागायचं. ५,००० आरपीएमला १०५ पीएस म्हणजे तिथे टॉर्क उरलाय जेमतेम १४७. समजा आपण कमाल टॉर्कला हातच लावला नाही, फक्त तो १७५ चा टॉर्क ५,००० पर्यंत टिकवला, तर पॉवर होते जवळजवळ १२५ पीएस! क्लचवर आणि कनेक्टिंग रॉडवर कमाल भार आधी होता तेवढाच. टर्बो छोटा असल्याने वरच्या आरपीएमला त्याचा दम सुटतो आणि हवा जास्त तापते, त्यामुळे हे सगळेच्या सगळे २० पीएस पदरात पडतील असं नाही. पण मी सुरुवात नेहमी इथूनच करतो, कारण ही वाढ इंजिनाला सगळ्यात कमी त्रास देते.

बहुतेकांना हवा असतो तो मात्र खालचा धक्का. दीड हजार आरपीएमला पाय दाबला की पाठ सीटला चिकटली पाहिजे! तिथे मी हात आखडता घेतो. छोट्या, डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांत कमी आरपीएम आणि पूर्ण भार एकत्र आले की कधीकधी स्पार्क पडण्याआधीच मिश्रण पेटतं, आणि असा एक झटकासुद्धा पिस्टन फोडू शकतो. टायमिंग मागे घेऊन हे थांबत नाही, कारण स्पार्क अजून पडलेलाच नसतो. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या घटकांचा यात हात असतो, म्हणून ऑइलचा २०२० पासूनचा एपीआय एसपी हा दर्जा यासाठी वेगळी चाचणी घेतो. तेव्हा ऑइल त्याच दर्जाचं, आणि टॉर्क सावकाश चढणारा. याच पोलोचा सात गिअरचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, २५० न्यूटन-मीटरसाठी बनवलाय, हेही डोक्यात ठेवावं लागतं.

ॲव्हरेजचं विचाराल तर ते तुमच्या पायावर आहे. वॉरंटी मात्र धोक्यात येते, विमा कंपनीला कळवावं लागतं, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल काय म्हणतं ते आधी वाचून घ्या.

मॅप टाकल्यावर चढावर वरच्या गिअरमध्ये मी लॉग, म्हणजे इंजिनाच्या आकड्यांची नोंद, घेतो: आत जाणाऱ्या हवेचं तापमान, मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग किती मागे जातंय. चारपैकी एकच सिलिंडर पुन्हापुन्हा तक्रार करत असला तरी बूस्ट खाली येतो, मग डायनोवरचा (पॉवर मोजायच्या यंत्रावरचा) आकडा कितीही देखणा असो. थंडीत केलेल्या गाडीचा लॉग उन्हाळ्यात भर दुपारी पुन्हा घ्यावाच लागतो. आणि येताना टाकीत रोज भरता तेच पेट्रोल असू द्या. फक्त त्या दिवसापुरतं १०० ऑक्टेन भरून आणलेल्या गाडीचा मॅप मी बनवत नाही.