ती बाई कोण

तुम्ही विचारता, आणि विचारताना आवाज खाली घेता. पन्नाशीच्या बाईला, तेही शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या, पोरांसाठी लिहिलेली मेलेल्यांची पुस्तकं आवडतात कशी? शेजारच्या मावशी थेटच विचारतात, "तुका भंय दिसना गो?" मग पुढचा प्रश्न येतो, तो जास्त लागतो. तुमच्या घरात असं झाल्यावर ही पुस्तकं तुम्ही त्या पोरीच्या हातात कशी देता?

मी दिलेलं नाही. तिनं मला दिलं. माझी भाची चौदा वर्षांची असताना, २०१९मध्ये, पणजीतल्या पाटोच्या सेंट्रल लायब्ररीतून ते घेऊन आली. ऑस्ट्रेलियन लेखक गार्थ निक्स यांचं १९९५चं 'सॅब्रिएल'. दोन दिवसांत संपवून तिनं ते माझ्या टेबलावर ठेवलं. "आते, तू वाच," एवढंच म्हणाली. रात्री दोन वाजता मी स्वयंपाकघरात दिवा लावून वाचत बसले होते.

सॅब्रिएल अठरा वर्षांची, बोर्डिंगमध्ये शिकणारी. एका रात्री मेलेल्यांकडून कुणीतरी येतं आणि तिच्या बापाची तलवार आणि घंटा तिच्यापाशी सोडून जातं. बाप मरणात अडकलाय, एवढाच त्याचा अर्थ. दुसरे मांत्रिक मेलेल्यांना उठवतात. या बापाचं काम त्यांना परत निजवायचं. छातीवरच्या पट्ट्यात सात घंटा. सगळ्यांत धाकटी रान्ना झोपवते, सारानेथ बांधून ठेवते, आणि सगळ्यांत मोठी अस्टारेल वाजली की ऐकणारा प्रत्येक जण मरणात जातो, वाजवणारासुद्धा. मरण म्हणजे थंडगार नदी, तिला नऊ दारं. ज्यांना जायचं नसतं ते प्रवाहाशी झगडत उलटे आपल्याकडे येतात. ते वाचताना मी पाय खुर्चीवर घेतले होते. भीती वाटते, आणि ती भीती मला आवडते. देवचार म्हणजे भूतच, त्याला रोटाचा नैवेद्य देऊन गावचा राखणदार म्हणणारे आपण. छापलेल्या भुताचंच एवढं वावडं का, हे मला कळत नाही.

पण हे वादापुरतं झालं.

२००८ साली दादा, भाचीचा बाप, गेला. गोव्यात आमच्या डिचोलीकडे तेव्हा मिनेराच्या, म्हणजे खाणीतल्या खनिजाच्या, ट्रकांची रांग तुटत नसे. पाऊस सरला की रस्त्याकडेची झाडं धुळीनं लाल होऊन जायची. तिन्हीसांजेला स्कूटरवरून घरी येताना, गावाबाहेरच्या वळणावर. पोर तीन वर्षांची होती. दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. "सुटला बिचारा," सगळे म्हणाले. मला ते सहन झालं नाही. एवढंसं लेकरू मागे ठेवून याची काहीच इच्छा उरली नव्हती? कावळ्यावर माझा विश्वास नव्हता, तरी मी त्या कावळ्यावर कितीतरी दिवस रागावलेली होते.

चारेक महिन्यांनी बोलणं सुरू झालं. तो वळणावर दिसतो, पांढऱ्या शर्टात, हात दाखवून गाडी थांबवतो. तिथल्या आंब्याखाली नारळ, दारूची बाटली, विड्या दिसू लागल्या. दादानं जन्मात विडी ओढली नव्हती. आईला बाजारात न्यायचं तर मी लांबच्या रस्त्यानं नेई. नववीच्या वर्गात भुतं नसतात म्हणून सांगत होते, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "पण टीचर, तुमचो भाव..." वर्ग गप्प झाला. मी फळ्याकडे वळले आणि तास संपेपर्यंत आकृती काढत राहिले.

त्याच आठवड्यात मी त्या वळणावर गेले. रात्री अकराच्या पुढे, चालत, बॅटरी न पेटवता. आंब्याखाली एका चिऱ्यावर बसले. त्याला काय काय सांगायचं ते मनात लावून नेलं होतं: आईचं ऑपरेशन नीट झालं, पोर आता अख्खं वाक्य बोलते, तुझी स्कूटर विकली नाही. मी बसून राहिले. झाडावरून दव पडत होतं. कुणी आलं नाही. नसतात म्हणून शिकवणारीच तिथे वाट बघत होती, आणि तो आला नाही म्हणून रडत होती. उठले तेवढ्यात वळणावरून मोटरसायकल आली. उजेड सरळ माझ्या अंगावर पडला. चालवणारा ओरडला आणि सुसाट गेला.

दुसऱ्या दिवशी गावभर झालं, आता त्याच्याबरोबर एक बाईही दिसते.

मी गप्प बसले. बोलायला हवं होतं, आणि बोलले असते तर आईला कळलं असतं. मला गोष्टी रचणाऱ्यांचा राग होता, आणि त्यातली एक आता माझ्यामुळे होती. २०१२मध्ये खाणी बंद पडल्या, ट्रक थांबले, विड्याही थांबल्या. ती बाई मात्र राहिली. भाची शाळेत जाऊ लागली तेव्हा मुलांनी तिला सांगितलं. तिनं घरी येऊन विचारलं, "आते, बाबांबरोबर ती बाई कोण?" मी म्हटलं, भुतं नसतात. ते खोटं नव्हतं, आणि उत्तरही नव्हतं.

पुस्तकात सॅब्रिएलला बाप सापडतो, काळजाच्या मोजक्या ठोक्यांपुरता, आणि मग जातोच. त्या पानात भाचीनं कदंबा बसचं तिकीट खूण म्हणून ठेवलं होतं. मी ते तसंच राहू दिलं आणि पान पुन्हा वाचलं. तिथं कुणी रडणारीला वेडी म्हणत नाही, कुणी विड्या ठेवत नाही. मेलेल्याचं नाव घेऊन त्याच्याशी बोलता येतं, आणि त्याला जाऊही देता येतं. मला ते कधी जमलं नाही. पुस्तक वाचून जमलं असंही नाही. तेव्हाची मी म्हणेल, ही पळवाट आहे. असेल. मी तिसऱ्यांदा वाचते आहे.

भाची माझं लिहिलेलं सगळं वाचते. हेही वाचेल.