तुम्ही विचारलंत म्हणून: जिगसॉ किती तुकड्यांचं घ्यावं?

पुण्यातले पालक मला दोन प्रश्न नेहमी जोडीनेच विचारतात. अशा तुकडे जुळवायच्या कोड्यांनी मूल हुशार होतं का? आणि साडेतीन वर्षांच्या मुलाला शंभर तुकड्यांचं जिगसॉ दिलं तर चालेल का?

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे: नाही चालणार. दोनच्या आसपास लाकडी पाटीत बसवायचे, धरायला मूठ असलेले चार-पाच आकार पुरतात. तीन वर्षांला नऊ ते बारा तुकडे, चारला चोवीसेक, पाच-सहाला पन्नास-साठ, आणि शंभर सात-आठच्या पुढे. हे आकडे काही दगडावरची रेघ नव्हेत. मूल अर्धं कोडं स्वतः जुळवतं आणि पुढे अडतं, तो आकडा बरोबर. पहिल्याच मिनिटाला खोकं ढकलून दिलं, तर तुकडे जास्त झाले.

पहिलं उत्तर जरा जपून द्यावं लागतं. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली ५३ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलं दोन ते चार वर्षांची असताना घरी कशी खेळतात याचं चित्रण केलेलं होतं. त्यात जी मुलं कोडी जुळवताना दिसली, ती साडेचार वर्षांची झाल्यावर आकार मनातल्या मनात फिरवून जुळवण्याच्या चाचणीत इतरांपेक्षा पुढे होती. पालकांचं शिक्षण आणि उत्पन्न हिशेबात धरूनही हा फरक उरला. पण ज्यांना आकारांची आवड मुळातच आहे, तीच मुलं कोड्यांत रमत असतील, ही शक्यता यातून जात नाही. तेव्हा खोक्यावर ‘बुद्ध्यांक वाढवा’ छापलंय म्हणून शंभर रुपये जास्त मोजू नका. कोड्यातून मिळते ती आकार फिरवून बघायची सवय, आणि ती पुढे भूमितीत आणि नकाशा वाचताना कामी येते.

ही सवय मोडते मोठ्यांच्या हातानेच. मुलाने तुकडा उलटा धरला की आपला हात आपोआप पुढे जातो. तो आवरायचा आणि तोंडाने सांगायचं: ‘थोडा फिरव’, ‘याची कड सरळ आहे का?’, ‘खाच कुठल्या बाजूला आहे?’ ‘असं नाही, असं’ म्हणून तुकडा बसवून दिला की मुलाच्या हाती काहीच लागत नाही. ‘आधी कडा लावा’ हा मोठ्यांचा नियमही तीन वर्षांच्या मुलाला लागू नाही. त्याला हत्तीचा डोळा ओळखता येतो, सरळ कड शोधणं अजून सुचत नाही. तिथूनच सुरू करू द्या. निळं आकाश शेवटी.

मोबाइलवरची कोडी मी सुचवत नाही. बऱ्याच ॲपमध्ये तुकडा आधीच सरळ असतो आणि जागेच्या जवळ नेला की स्वतःच चिकटतो. म्हणजे फिरवायचं काम मशीनच करतं.

विकत घेताना दोन शेजारचे तुकडे जोडून एकाला धरून उचलून बघा. दुसरा गळून पडला तर कापणी ढिली आहे. अशा संचात तुकडा चुकीच्या जागीही बसतो, आणि मुलाला आपण कुठे चुकलो ते कळायला मार्गच राहत नाही. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय खूण सक्तीची आहे, ती बघा. तीन वर्षांखालच्या मुलाला ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीत मावेल असा तुकडा देऊ नका, घशात अडकू शकतो. पावसाळ्यात पुठ्ठा फुगतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात, म्हणून संच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. प्रत्येक संचाच्या तुकड्यांमागे वेगळ्या रंगाची खूण केली की दोन संच मिसळले तरी निवडता येतात.

महाराष्ट्राच्या नकाशाचं कोडं घ्याल तर पालघर आहे का ते आधी पाहा. तो जिल्हा २०१४ मध्ये झाला, आणि तेव्हापासून जिल्हे ३६. धाराशिव, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर ही नावं जुन्या संचात नसतील, पण ती पट्टी चिकटवून बदलता येतात. पालघर चिकटवता येत नाही. जुळवून झाल्यावर पुणे जिल्हा उचलून विचारा, याच्याभोवती कोण कोण? ठाणे, रायगड, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर. जिगसॉची सुरुवातही नकाशापासूनच झाली: लंडनमधल्या जॉन स्पिल्सबरीने १७६० च्या दशकात नकाशे लाकडावर चिकटवून देशांच्या सीमांवर कापले, ते भूगोल शिकवायलाच.

पैसे खर्च करायचे नसतील तर टँग्रॅम, म्हणजे एका चौरसाचे सात तुकडे करून त्यांतून आकृत्या जुळवायचं कोडं, घरी होतो. जाड पुठ्ठ्यावर १६ सेंटीमीटरचा चौरस काढा आणि त्यात ४ सेंटीमीटरच्या चौकटी आखा. एक कर्ण काढून दोन त्रिकोण करा. एक त्रिकोण कर्णाच्या मध्यातून कोपऱ्यापर्यंत कापला की दोन मोठे त्रिकोण मिळतात. दुसऱ्याच्या दोन आखूड बाजूंचे मध्य जोडून कोपरा कापला की मध्यम आकाराचा त्रिकोण. उरलेल्या पट्टीच्या दोन्ही लांब बाजूंचे मध्य जोडून ती कापा. एका भागातून चौरस आणि लहान त्रिकोण, दुसऱ्यातून समांतरभुज चौकोन आणि लहान त्रिकोण निघतो. सगळ्या रेघा चौकटींच्या छेदबिंदूंतून जातात, पट्टीने मोजत बसावं लागत नाही. पुठ्ठा दोन्ही बाजूंनी एकाच रंगाचा घ्या. सातांपैकी समांतरभुज चौकोन तेवढा पालथा घातल्यावर वेगळा दिसतो. बाकीचे सहा नुसते फिरवून भागतं. मूल बराच वेळ अडलं असेल तर बहुधा हाच तुकडा पालथा करायचा राहिलेला असतो.