शेजाऱ्याला आमंत्रण नको, काम द्या

शेजाऱ्यांशी ओळख वाढवायची म्हटले की गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये स्नेहसंमेलनाची टूम निघते; वर्गणी जमते, केटररला सांगितले जाते आणि त्या संध्याकाळी प्रत्येक कुटुंब आपापल्याच माणसांत बसून जेवते व घरी परतते. पाहुणा म्हणून बोलावलेला शेजारी पाहुणाच राहतो, असे माझे मत झाले आहे. त्याच्या हाताला लहानसे काम दिले, तर बोलण्यासाठी वेगळे निमित्त शोधावे लागत नाही.

भोंडल्याची खिरापत ही त्या दृष्टीने मोठी हुशारीची प्रथा आहे. झाकलेला डबा खुळखुळवून आत काय आहे ते ओळखायचे असल्यामुळे, ज्यांना गाणी येत नाहीत अशा बायका-मुलीही खेळात ओढल्या जातात. याच दिवसांत तमिळ घरांमध्ये गोलू, म्हणजे पायऱ्यांवर बाहुल्यांची आरास, मांडतात आणि सुंडल, म्हणजे कडधान्याची खोबरे घातलेली उसळ, करतात. एखाद्या दिवशीची खिरापत त्यांच्याकडे सोपवली, तर भल्याभल्यांना डबा ओळखता येणार नाही. कोजागिरीला बंगाली घरांत लक्ष्मीपूजा असते आणि त्यासाठी नारळाचे लाडू होतात, ते गच्चीवरच्या मसाला दुधाशेजारी सहज बसतात.

मात्र माझा खरा ओढा दिवाळीच्या किल्ल्याकडे आहे. आवारात मुलांनी दगड-विटा रचायला घेतल्या की एरवी लिफ्टमध्ये मोबाइलमधून मान वर न काढणारे काकाही थबकतात आणि बुरूज ढासळेल, पाया रुंद घ्या, असे न विचारता सांगतात. पोते एका घरचे, माती दुसऱ्याच्या कुंडीतली, अळीव तिसऱ्याच्या स्वयंपाकघरातले, अशी जमवाजमव करताना मुलांना अनेक दारे वाजवावी लागतात. शिवाय अळीव दिवाळीच्या चार-पाच दिवस आधी पेरून त्यावर रोज पाणी शिंपडावे लागते, म्हणून हे काम एका संध्याकाळीत उरकता येत नाही, आणि त्याचा गुण नेमका यातच आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसचा तयार किल्ला आणला की यातले काहीच उरत नाही.

किल्ला कोणता करायचा, हाही गप्पांचा विषय होऊ शकतो. 2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या 12 किल्ल्यांपैकी 11 महाराष्ट्रात आहेत आणि बारावा, जिंजी, तमिळनाडूत. शिवाजी महाराजांनी तो 1677 मध्ये घेतला. पुढे राजाराम महाराजांनी मोगलांचा दीर्घ वेढा सोसत तिथूनच राज्य चालवले. तीन टेकड्यांना तटबंदीने जोडणारा हा किल्ला आवारात उभारायला रायगडापेक्षा सोपा नसला, तरी तो पाहून आलेला कुणी तमिळ शेजारी भेटला, तर कुठली टेकडी किती उंच करायची हे त्यालाच विचारता येते.

एक सूचना मात्र आवर्जून करावीशी वाटते. हा विषय वार्षिक सभेत नेऊ नये, कारण तिथे पार्किंग आणि पाण्याच्या टाकीनंतरच त्याचा क्रमांक लागेल. स्पर्धा आणि बक्षिसेही नकोत. ती आली की पालक मुलांच्या हातातून थापी काढून घेतात. सेक्रेटरींना तोंडी कल्पना देऊन कोपऱ्यात विटांचा ढीग टाकावा आणि पहिले पोते मागायला मुलांना वरच्या मजल्यावर पाठवावे.