आमची वाटचाल : रेस्टॉरंट अँड स्टोअर्स

आमच्या पाटीवर 'रेस्टॉरंट अँड स्टोअर्स' असं आहे, पण त्यातलं 'स्टोअर्स' कुणी वाचत नाही. लालबागला नाक्यावर आमचं इराणी हॉटेल. डावीकडे संगमरवरी टेबलं, उजवीकडे गल्ल्याला लागून दुकान. पूर्वी तिथे साबण, ब्लेड, मेणबत्त्या असायच्या. आता झेरेश्क (वाळवलेली आंबट लाल बेरी), लिमू अमानी (वाळवलेलं लिंबू), इराणातल्या बमचा मझाफती खजूर आणि रफसंजानचा पिस्ता असतो. नाक्याची जागा अशुभ मानायचे म्हणून इराण्यांना स्वस्तात मिळाली, असं जो तो सांगतो. पप्पांचं म्हणणं सरळ होतं : नाक्यावर दोन रस्त्यांचं गिऱ्हाईक मिळतं.

पप्पा इराणातल्या यझदजवळच्या खेड्यातून पोरवयात आले. दुसऱ्या इराण्याकडे कपबशा विसळल्या आणि स्वातंत्र्याच्या आसपास भागीदारीत हे दुकान घेतलं. भागीदार पुढे पुण्याला गेला. तीन पाळ्यांच्या गिरण्या आजूबाजूला असल्यावर धंदा न चालायला काय झालं? रात्रपाळी सुटली की सकाळी सातला बसायला खुर्ची मिळायची नाही. बिलाचा कागद नव्हता. गिऱ्हाईक उठलं की वेटर मागून हाळी द्यायचा, "आगे काली टोपी, छे आना!" आणि पप्पा गल्ल्यावर मोजून घ्यायचे. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले. लोकांना वाटतं त्या दिवसापासून आम्ही बसलो, पण सुरुवातीला धंदा उलट वाढला. माणसं रिकामी, सभा रोजच्या, चर्चा करायला जागा आमची. मग एका चहात दोन बशा होऊ लागल्या. मग "शेठ, लिहून ठेवा" सुरू झालं. पावसाळ्यापर्यंत निम्मी टेबलं गावाला गेली होती.

त्याच सुमारास, वर्षानुवर्षं ज्या पेढीचा मैदा आम्ही घेत होतो, तिने रोकड मागितली. उधारीवर एक पोतं मिळेना. नाव लिहीत नाही, त्यांची नातवंडं आजही त्याच धंद्यात आहेत आणि मला भेटली की हात जोडतात. भट्टी एक दिवसाआड पेटू लागली. भिंतीवरचे मोठे आरसे चोर बाजारात गेले. रंगाचे कितीतरी हात मारले, तरी त्यांचे चौकोन अजून दिसतात, बाजूच्या टेबलावर बसून बघा. सगळे सांगत होते, बियरचं परमिट घ्या. बऱ्याच इराण्यांनी घेतलं, त्यांना मी नावं ठेवत नाही. पप्पा म्हणाले, "ज्याच्या घरात चूल पेटत नाही त्याला मी बाटली विकू?" विषय तिथेच संपला.

तात्यांबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पाटणकडचे, गिरणीत साचेखात्यातले, म्हणजे मागांवरचे, जॉबर (मुकादम). ते गावी परतले तेव्हा त्यांच्या नावावर फार बाकी नव्हती, पण त्यांच्या खात्यातल्या सगळ्या माणसांची होती. पुढे दरवर्षी गणपतीला ते यायचे. आधी दर्शन नाही, आधी आमचा गल्ला. कमरेची पिशवी सोडायची आणि म्हणायचं, "शेठ, पान उघडा." मग कुणी किती दिले ते नावानिशी सांगायचे, कुणाचे वीस, कुणाचे पाच. मी एकेका नावावर रेघ मारायचो. एकदा एका नावाशी थांबले. "हा गेला. याचं माझ्यात धरा." पप्पा म्हणाले, राहू दे. तात्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि रेघ स्वतः मारली. ती बाकीच्या रेघांसारखी सरळ नाही. वही दाखवतो, पण फोटो काढू देत नाही.

धंदा मात्र वहीनं नाही, स्टोअर्सनं वाचवला. दादर पारसी कॉलनीतल्या घरांना आईच्या हातचा बेरी पुलाव जाऊ लागला, आणि तीच घरं खजूर आहे का, लिमू आहे का विचारू लागली. इराण-इराक युद्ध चालू, माल दुबईमार्गे मशीद बंदरला यायचा, आणि तिथून मी लोकलच्या डब्यात खांद्यावर आणायचो. साबणाच्या फळ्या एकेक करून रिकाम्या केल्या. मधली वर्षं बरी गेली. २०१९ ला भारतानं इराणचं तेल घेणं थांबवलं आणि त्याबरोबर रुपयांतला व्यवहारही आटला, तेव्हापासून भाव विचारू नका.

आता समोरच्यांबद्दल. नाव घेणार नाही, फुकटची जाहिरात कशाला? ज्या गिरणीच्या भोंग्यावर आमची भट्टी पेटायची, तिच्या आवारात आज मॉल आहे आणि मॉलमध्ये एक 'इराणी कॅफे' निघालाय. उघडण्याआधी त्यांची पोरं आमच्याकडे येऊन बसायची, खुर्च्या उलट्या करून खालचे स्क्रू बघायची. मग आमचा भट्टीवाला जास्त पगारावर तिकडे गेला. त्याचा राग नाही, त्याच्या मुली लग्नाच्या आहेत. राग मेनूचा आहे. तिथे ब्रून मस्का (कडक पाव आणि लोणी), चहा आणि डबल ऑम्लेट मिळून 'गिरणी कामगार नाश्ता' आहे, साडेचारशे रुपयांना. गिरणी कामगारांची अख्खी वही माझ्याकडे आहे, त्यात डबल ऑम्लेट एकदाही नाही. ऑम्लेट पगाराच्या दिवशी, सिंगल, आणि तेही दोघांत. तिकडून येणारी पोरं मला विचारतात, "अंकल, तुमच्याकडे नियमांचा बोर्ड नाही?" नाही. कधीच नव्हता. पप्पांनी नुसतं बघितलं तरी पुरायचं.

हौसेनं जुन्या बेंटवुड (वाकवलेल्या लाकडाच्या) खुर्च्या घेणाऱ्यांना सांगतो : ओल्या फडक्यानं पुसू नका, आणि दर पावसाळ्यानंतर खालचे स्क्रू आवळा. संगमरवरावर लिंबू पिळू नका, तो डाग घासून जात नाही, दगडच खाल्लेला असतो. झेरेश्क लालभडक असेल तरच घ्या, काळपट म्हणजे जुना. घरी नेल्यावर फ्रीजमध्येच ठेवा. मंद आचेवर तूप-साखरेत मिनिटभर, जास्त नाही, नाहीतर करपतो आणि मग लोक फोन करून माझ्या मालाला नावं ठेवतात. लिमू अमानीला रश्श्यात टाकण्याआधी काट्यानं भोक पाडायचं.

बेरी पुलाव फक्त रविवारी, शनिवारी संध्याकाळपर्यंत सांगावा लागतो. २१ मार्चच्या नवरोझआधी झेरेश्क माणशी पाव किलोच मिळेल, मॉलवाल्यांनी माणूस पाठवला तर त्यालाही तेवढाच.